कुलूप इस्पितळास, रहस्य घरात

ज्या कलाकृतीची सर्वत्र स्तुती चालली आहे तिच्याविरुद्ध लिहावयास बसणे हा काही लोकप्रिय होण्याचा मार्ग नव्हे. स्तुती करणारास पुरावा कोणी मागत नाही. दोष दाखविणारास मात्र पावलोपावली साक्षीदार उभे करावे लागतात, आणि इतके करूनही ‘आपणांस ती कृती कळलीच नाही’ हा शेरा त्याच्या पदरात पडावयाचा तो पडतोच. असे असूनही ‘शटर आयलंड’ या अमेरिकन चित्रपटाविषयी चार कठोर शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. मार्टिन स्कोर्सेसी यांच्यासारख्या नामांकित दिग्दर्शकाचा हा चित्रपट २०१० साली पडद्यावर आला. डेनिस लेहेन यांच्या २००३ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. इतकी वर्षे लोटली तरी आमच्या यवतमाळातील सुशिक्षित घरांतून तो अद्याप कौतुकाने पाहिला व दाखविला जातो. पुण्यास शिकणारा मुलगा सुटीत घरी आला म्हणजे आईबापांस समोर बसवून हा चित्रपट लावितो, आणि शेवटास त्यांच्या चेहऱ्यावरील गोंधळ पाहून विजयी मुद्रेने विचारतो, “कसे फसविले?” या एका प्रश्नातच आमचा सारा आक्षेप साठविलेला आहे.

प्रथम कथानक सांगणे प्राप्त आहे. शेवट आधी कळला तर मजा जाईल अशी ज्यांस भीती वाटते त्यांनी हवे तर येथेच थांबावे. तथापि शेवट कळताच जिची मजा जाते त्या कृतीत शेवटावाचून दुसरे काय होते, हा प्रश्न त्यांनीही आपल्या मनास एकवार विचारून पाहावा.

काळ १९५४ सालचा. बोस्टन शहरानजीक समुद्रातील एका बेटावर गुन्हेगार मनोरुग्णांचे एक इस्पितळ आहे. आपल्या तीन मुलांस बुडवून मारणारी एक स्त्री तेथील बंद खोलीतून नाहीशी झाली आहे, आणि तिच्या तपासासाठी टेडी डॅनियल्स नावाचा सरकारी अंमलदार आपल्या साहाय्यकासह बोटीतून उतरतो. पुढे या जातीच्या चित्रपटांत जे जे असावयाचे ते ते सर्व येते. वादळ येते, दिवे जातात, दगडी तळघरांतून किंकाळ्या ऐकू येतात, डॉक्टर मंडळी अर्धवट उत्तरे देतात, आणि दूरच्या दीपगृहात माणसांच्या मेंदूंवर काही अघोर प्रयोग चालले असावेत असा संशय अंमलदाराच्या व त्याजबरोबर आपल्याही मनात दृढ होत जातो. शेवटी दीपगृहाचे दार उघडते आणि कळते की तेथे तसे काहीच नाही. अंमलदार हा अंमलदार नसून त्याच इस्पितळात दोन वर्षे राहिलेला रुग्ण आहे. त्याचा साहाय्यक हा त्याचाच डॉक्टर आहे. मुले मारणारी ती स्त्री म्हणजे त्याची पत्नी, आणि तिला गोळी घालणारा तो स्वतः. हे दुःख सोसवेना म्हणून त्याने दुसरे नाव व दुसरे आयुष्य रचले, आणि त्यास शुद्धीवर आणण्यासाठी डॉक्टरांनी त्याच्याच भ्रमाचे नाटक त्याच्याभोवती उभे केले.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या दिग्दर्शकाने प्रेक्षकांची अगदीच उघड लूट केलेली नाही. चित्रपट दुसऱ्या वेळी पाहिला असता खुणा सापडतात. पहारेकरी या पाहुण्याकडे नको इतक्या सावधपणे पाहत असतात. एक रुग्ण बाई पाणी पिते तेव्हा तिच्या हातातील पेला क्षणभर दिसत नाही. साहाय्यकास स्वतःचे पिस्तूल कमरेवरून नीट काढता येत नाही. अभिनय चांगला आहे, छायाचित्रणही उत्तम आहे. म्हणून ‘आम्हांस फसविले’ अशी रड आम्ही रडणार नाही. रहस्यकथेत फसविले जाण्यासाठीच आपण जातो. जादूगाराने रुमालातून कबूतर काढले म्हणून पोलिसांत कोणी जात नाही.

आमचा आक्षेप निराळा आहे. दीपगृहातील उलगड्याच्या वेळी, चित्रपट संपावयास थोडा अवधी उरला असता, या मनुष्याच्या संसाराची हकीकत बाहेर पडते. त्याची पत्नी डोलोरेस आजारी होती. आपल्या मेंदूत एक किडा राहतो, तो कवटीच्या आतून टकटक करीत फिरतो आणि केवळ गंमत म्हणून तेथील तारा ओढतो, असे तिने त्याला सांगितले होते. तिने राहत्या घरास एकदा आग लावली होती. भोवतालच्या माणसांनी त्याला सावध केले होते. त्याने काय केले? तो दारू पीत राहिला, कामावर जात राहिला, आणि बिऱ्हाड मोडून तळ्याकाठच्या घरात राहावयास गेला. त्याच तळ्यात पुढे मुलांची प्रेते तरंगली.

वाचकहो, या चार वाक्यांत खरी शोकांतिका आहे. बाकीची दोन तासांची वादळे, तळघरे आणि दीपगृहे हा तिच्यावर घातलेला पडदा आहे. पत्नी आपल्या तोंडाने सांगते आहे की मला काहीतरी होते आहे, आणि तिच्यावर प्रेम करणारा, लढाईहून आलेला, धीट म्हणविणारा पुरुष ते ऐकून न ऐकल्यासारखे करतो. का करतो? त्याला कळत नव्हते म्हणून, की कळत होते म्हणूनच? तिला डॉक्टरांकडे न्यावे असे त्याच्या मनात प्रथम कधी आले, आणि कोणत्या लाजेने किंवा कोणत्या आशेने त्याने तो विचार मागे ढकलला? आग लागल्यानंतर मुलांस त्याने काय सांगितले? शेजारणीने काय पाहिले होते? रहस्य म्हणावयाचे तर हे रहस्य आहे, आणि ते कोणत्याही बेटावरच्या कुलुपापेक्षा शतपटीने अधिक अवघड आहे. सव्वादोन तासांहून अधिक लांबीच्या या चित्रपटाने त्यास शेवटची काही मिनिटे दिली. डोलोरेस त्यापूर्वीही पडद्यावर येते, परंतु ती स्वप्नात, राखेच्या पावसात, सुंदर वस्त्रे लेऊन, नवऱ्याच्या भ्रमातील बाहुली म्हणून. जिवंत, आजारी, मदत मागणारी डोलोरेस केवळ उलगड्यापुरती उपयोगात आणली आहे. जिच्या दुःखावर सारा इमला उभा आहे तिलाच त्या इमल्यात राहावयास जागा नाही. चित्रपटगृहातून बाहेर पडताना आम्हांस जी निराशा वाटली ती हिच्यामुळे.

कोणी म्हणेल, रहस्यकथेस रहस्य शेवटपर्यंत राखावेच लागते. आधी सांगितले तर उत्कंठा कशी राहणार? याचे उत्तर चारशे वर्षांपूर्वीच देऊन झाले आहे, आणि ते मराठी वाचकांस अपरिचित नाही. आगरकरांनी ज्याचे ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत रूपांतर केले त्या हॅम्लेट नाटकात राजपुत्र वेडाचे सोंग घेणार आहे हे तो स्वतः पहिल्याच अंकात मित्रांस व प्रेक्षकांस सांगून टाकतो. प्रेक्षकांपासून काहीही लपविलेले नाही. तरीही पुढील चार अंक आपण श्वास रोधून बसतो, कारण सोंग कोठे संपते आणि खरी व्यथा कोठे सुरू होते याचा थांग त्या राजपुत्रासही लागत नाही. आणि ऑफेलियाचे वेड? तिला कोणत्या घटनांनी, कोणत्या माणसांच्या कोणत्या शब्दांनी त्या काठावर नेले ते पायरीपायरीने आपल्या डोळ्यांदेखत घडते. तिचा बाप, तिचा भाऊ, तिचा प्रियकर, तिघेही तिला काय करावे ते सांगतात. तिला काय होते आहे ते कोणी विचारीत नाही. नाटककाराने ही गोष्ट शेवटच्या प्रवेशासाठी पेटीत घालून ठेवली नाही. म्हणून ती आपणांस जाळते, फसवीत नाही.

शिवाय, ज्या युक्तीचे आमचे तरुण मित्र इतके कौतुक करितात ती नवी तरी आहे काय? १९२० साली जर्मनीत निघालेल्या ‘डॉक्टर कॅलिगारी’ या मूकपटात हाच प्रकार आहे. एक तरुण एका दुष्ट डॉक्टराची कथा सांगतो, आणि शेवटी कळते की सांगणारा तरुणच इस्पितळातील रुग्ण आहे व तो डॉक्टर तेथील प्रमुख आहे. त्या चित्रपटाच्या दोघा लेखकांपैकी हान्स यानोविट्स याने पुढे तक्रार केली की ही चौकट आमच्या कथेवर बाहेरून लादली गेली आणि तिने कथेचा अर्थच उलटा करून टाकला. सत्तेविरुद्धचा आमचा संताप ‘तो वेड्याचा भ्रम होता’ एवढे म्हणून निकालात काढला गेला. तक्रार कितपत खरी याचा वाद अभ्यासक करोत. पण तिच्यातील मर्म अचूक आहे. ‘सांगणारा वेडा होता’ हे उत्तर लेखकास सर्व प्रश्नांतून एकदम मुक्त करिते. जे जुळत नाही ते भ्रमाच्या खात्यावर टाकावे, जे पटत नाही ते रोगाच्या नावे लिहावे, आणि हिशेब पुरा झाला म्हणून वही मिटावी! दिवाळखोर सावकारासही इतकी सोय नसते.

या चित्रपटाने निवडलेले साल पाहिले म्हणजे निराशेस आणखी एक धार येते. १९५४ हे साल मनोरुग्णांच्या इतिहासात साधे नव्हे. मेंदूचा भाग छेदून रुग्णास शांत करण्याची क्रूर शस्त्रक्रिया त्या काळी प्रतिष्ठित होती. तिच्या जनकास १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. आणि नेमक्या याच सुमारास क्लोरप्रोमाझिन हे औषध अमेरिकेत आले. त्याच्याच जोडीला दुसरे एक औषध तेथील इस्पितळांत पोहोचले, त्याचे मूळ आमच्या मातीतले. सर्पगंधेच्या मुळीचा उन्मादावर उपयोग आपल्याकडील वैद्य पूर्वापार करीत होते. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याविषयी शास्त्रीय निबंध लिहिला. १९४९ साली मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिचा गुण इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडला. आणि १९५४ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर नेथन क्लाइन यांनी तिच्यापासून काढलेले रेसर्पिन मनोरुग्णांस देऊन पाहिलेले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे अधिक चांगली औषधे आली व हे मागे पडले. पण साखळ्या आणि शस्त्रे यांच्या जागी प्रथमच एक गोळी येऊन उभी राहिली तो हा काळ. चित्रपटातील डॉक्टर शस्त्रक्रिया व औषधे यांच्या झगड्याविषयी दोन वाक्ये बोलतो खरा, परंतु तो झगडा आपणांस दिसत नाही. ज्या वर्षी काळोख्या कोठडीत खिडकी उघडत होती, त्या वर्षाचा चित्रपटाने फक्त काळोख तेवढा घेतला.

परक्यांस नावे ठेवून आम्ही आपले घर झाकीत आहोत असे कोणी समजू नये. हिंदी चित्रपटांची कथा याहून शोचनीय आहे. १९९३ सालच्या एप्रिल महिन्यात जुना १९१२ चा कायदा जाऊन त्याच्या जागी १९८७ सालचा मानसिक आरोग्य कायदा देशात अमलात आला. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ‘दामिनी’ प्रदर्शित झाला. त्यातील सत्यवादी नायिकेस न्यायालयाच्या हुकुमाने वेड्यांच्या इस्पितळात पाठविले जाते, आणि ते इस्पितळ म्हणजे शत्रूने विकत घेतलेली छळछावणी आहे असे लाखो प्रेक्षकांनी पाहिले. नायिका शहाणी आहे म्हणून तिची कीव येते; तिच्या शेजारी बसलेल्या, खरोखर आजारी असलेल्या बायका मात्र केवळ भीतिदायक देखावा म्हणून मांडलेल्या आहेत. २००५ सालच्या ‘क्यों कि’ या चित्रपटाने तर कमाल केली. तो वरकरणी प्रेमकथा, पण त्याची यंत्रे रहस्यपटाची. इस्पितळाचा प्रमुख आपली मुलगी एका रुग्णावर प्रेम करिते म्हणून त्या रुग्णाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून त्याचा ओंडका बनवितो! जी शस्त्रक्रिया पाश्चात्य देशांनी कित्येक दशकांपूर्वी टाकून दिली तीच एकविसाव्या शतकातील भारतीय डॉक्टर सूड म्हणून करितो, आणि त्यात कोणास नवल वाटत नाही.

येथे एक आक्षेप असा येईल, आणि तो हलका नाही, की मनोरुग्णालयांतील छळ हा चित्रपटवाल्यांनी कल्पिलेला नाही. बरोबर आहे. १८८७ साली नेली ब्लाय नावाच्या तरुण पत्रकार स्त्रीने वेडाचे सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या इस्पितळात प्रवेश मिळविला आणि दहा दिवसांत तेथे काय पाहिले ते लिहून त्या शहरास लाज आणिली. आपल्याकडे ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रमास आग लागली, आणि साखळ्यांनी बांधलेले पंचवीसांहून अधिक रुग्ण पळता न आल्यामुळे जळून मेले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९९ साली देशातील मनोरुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध केली, तीही अभिमानाने वाचण्यासारखी नव्हती. हे सर्व दाखवावे, अवश्य दाखवावे. परंतु हे दुष्कृत्य कोणत्या जातीचे आहे ते नीट पाहा. तेथे गुप्त प्रयोगशाळा नाही, दीपगृह नाही, कारस्थान करणारा जर्मन डॉक्टर नाही. तेथे आहे अपुरी जागा, अपुरी माणसे, थंडगार पाणी, कुलूप लावून निघून गेलेला रखवालदार; आणि या सर्वांच्या मुळाशी, रुग्णास तेथे सोडून परत न येणारे घर. बरे झालेले कित्येक रुग्ण मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे राहतात, कारण त्यांना न्यावयास कोणी येत नाही. दिलेला पत्ता खोटा निघतो किंवा दार उघडत नाही. राक्षसी डॉक्टराची कल्पना आपणांस इतकी का आवडते, याचे कारण यात आहे. सारे पाप त्या एका माणसाच्या पांढऱ्या डगल्यात भरून टाकले म्हणजे आपले हात स्वच्छ राहतात.

आता हे सर्व यवतमाळास बसून लिहिण्याचे प्रयोजन सांगतो. पुण्याकडे येरवड्याचे, मुंबईकडे ठाण्याचे, कोकणात रत्नागिरीचे, तसे आमच्या वऱ्हाडात नागपूरच्या मनोरुग्णालयाचे नाव थट्टेत घेतले जाते. १८६४ सालचे ते इस्पितळ आमच्यापासून सुमारे १५० किलोमीटर दूर आहे. बहुतेकांनी ते कधी पाहिलेले नाही. पडद्यावरचे इस्पितळ मात्र सर्वांनी पाहिले आहे. घाटंजीकडच्या एका खेड्यातील परिचित गृहस्थाची सून दोन महिने जेवत नव्हती, झोपत नव्हती, रात्री उठून विहिरीकडे चालू लागे. यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराचा विभाग आहे, तेथे तिला न्यावे, असे आम्ही सुचविले. म्हातारा हात जोडून म्हणाला, “तिकडं नेलं तं मानूस वापस येत नाही जी. सिनेमात पाह्यलं ना आमी, करंट देतेत डोक्याले.” त्या म्हाताऱ्यास आम्ही कोणत्या तोंडाने हसावे? त्याचे ज्ञान अपुरे होते, पण ते त्यास आपल्याच काळातील कलावंतांनी दिले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल व स्नायू सैल करणारे औषध दिल्यावाचून विजेचा उपचार करण्यास आणि कोणत्याही रुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य गुन्हेगार नसून तीव्र ताणाखाली आहे असे मानून त्याची शुश्रूषा करण्याचे कर्तव्य सरकारवर घातले आहे. या गोष्टी त्यास कोणी सांगितल्या नव्हत्या. त्या सांगण्यात थरार नाही ना!

यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशात कोणत्या दुःखामुळे घेतले जाते ते येथे सांगावयास नको. २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली; त्या सहांत यवतमाळ होते. शेतकऱ्याच्या आत्महत्येचे मूळ कर्जात, पावसात, कापसाच्या भावात आहे, आणि त्यास ‘मनाचा रोग’ म्हणून मोकळे होणे हा दुसरा अन्याय होईल. परंतु कर्जाखाली दबलेला मनुष्य शेवटच्या काही आठवड्यांत जो गप्प होतो, ताट बाजूला सारतो, बैलांशी बोलेनासा होतो, त्या गप्पपणास औषधही आहे व माणसाचा शब्दही उपयोगी पडतो, हे तितकेच खरे आहे. घरच्यांस ते दिसते. घरचे बोलत नाहीत. ‘लोक काय म्हणतील’ हे एक वाक्य, आणि ‘तिकडे नेले तर झटके देतात’ हे दुसरे. या दोहोंच्या मध्ये माणूस सापडतो. डोलोरेसच्या नवऱ्याने तळ्याकाठी घर बदलले. आमच्याकडे देवाची जागा बदलतात. तेथील घरात आणि येथील घरात मौन एकच आहे.

हे मौन मोडता येते याचा पुरावा आमच्या शेजारीच आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत गावच्याच माणसांस शिकवून घरोघर पाठविण्याचा एक उपक्रम झाला. त्यांनी नैराश्य म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगितले, ऐकून घेतले, गरज दिसली तेथे डॉक्टरांशी गाठ घालून दिली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालाप्रमाणे नैराश्याने पीडित माणसांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत शेकडा सुमारे ४ वरून शेकडा सुमारे २७ वर गेले. १०० पैकी ७३ अद्याप बाहेरच राहिले हे खरे. पण ओसरीवर बसून केलेल्या बोलण्याने एवढे होऊ शकते. देशातील १२ राज्यांच्या २०१५-१६ च्या पाहणीत निरनिराळ्या मानसिक विकारांच्या १०० रुग्णांपैकी ७० ते ९२ जणांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत असे आढळले होते. ती दरी इमारतींनी भरावयाची तशीच बोलण्यानेही भरावयाची आहे. आणि बोलण्याचे काम कलावंताइतके कोणास साधते?

ते साधल्याची उदाहरणे मराठीत आहेत, म्हणूनच आमचे मागणे अवास्तव नाही. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या २००४ सालच्या चित्रपटात भावास झालेला मनोविकार आणि त्याला सांभाळणारी बहीण यांची कथा आहे. त्याच्या मनातील आवाज आपणांस ऐकू येतात, त्याचे भय आपले भय होते. पण दिग्दर्शक आपणांस कोठेही चकवीत नाही. आता याचे काय होणार, ही बहीण किती दिवस पुरणार, या उत्कंठेने प्रेक्षक जागेवर खिळून राहतो. त्याच दोघांच्या ‘कासव’ला २०१७ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पारितोषिकांत सुवर्णकमळ मिळाले, आयुष्य संपवू पाहणाऱ्या एका तरुणास एक अनोळखी स्त्री आपल्या घरी ठेवून घेते आणि त्याच्या कवचाबाहेर येण्याची वाट पाहते, एवढीच ती गोष्ट. या दोन्ही चित्रपटांत इस्पितळापेक्षा घर मोठे आहे. त्यांस रहस्यपट कोणी म्हणणार नाही. आम्ही मात्र म्हणू, कारण मनुष्य मनुष्यास सावकाश कळत जातो याहून मोठे रहस्य आमच्या पाहण्यात नाही.

तर मग असले चित्रपट बंद करावेत काय? मुळीच नाही. बंदीने अभिरुची सुधारत नसते. २०१९ साली एका हिंदी चित्रपटाचे ‘मेंटल है क्या’ हे नाव मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने हरकत घेतल्यावर बदलून ‘जजमेंटल है क्या’ असे करण्यात आले. पहिल्या शब्दाच्या मागे दोन अक्षरे जोडिली गेली, आणि थट्टा ऐकू यावयाची तशीच येत राहिली. कायद्याने नाव बदलते. हसणाऱ्याचे मन बदलावयाचे तर त्यास दुसरे काही अधिक चांगले पाहावयास दिले पाहिजे, आणि वाईटास वाईट म्हणण्याचे धैर्य सुशिक्षितांनी दाखविले पाहिजे. शटर आयलंडसारखी कृती तर वाईटही नव्हे. ती समर्थ हातांनी वाया घालविलेली एक मोठी संधी आहे, आणि म्हणूनच तिच्यावर एवढी पाने खर्च केली.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळास ९२ वे मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याचे उद्घाटन वैशाली येडे या आमच्याच जिल्ह्यातील शेतकरी विधवेने केले. संमेलनापूर्वीच्या वादांचे काही असो. ती मंचावर उभी राहून बोलू लागली तेव्हा मंडपातील मोठमोठे साहित्यिक ऐकत बसले होते. मागे राहिलेल्या स्त्रीस स्वतःची गोष्ट असते व ती तिला सांगता येते, एवढे त्या दिवशी तरी आम्हांस दिसले. डोलोरेसला तिच्या दिग्दर्शकाने ती संधी दिली नाही.

पुढच्या सुटीत मुलगा घरी येईल, पुन्हा तोच चित्रपट लावील आणि शेवटी विचारील, “कसे फसविले?” तेव्हा त्यास एवढेच विचारावे: बाळ, ती बाई किडा टकटक करतो म्हणून सांगत होती, तेव्हा तू तिच्या घरात असतास तर काय केले असतेस? तो जरा वेळ गप्प बसेल. मग खरे बोलणे सुरू होईल. आणि कदाचित त्याच रात्री, दिवा मालविण्यापूर्वी, तोही आपणांस काही सांगेल, जे तो गेले कित्येक महिने सांगू पाहत होता.